बोट ठेवायला जागा

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता पाचवीच्या वर्गात एका मुलीने समोर नसलेलं पान मोठ्याने वाचून दाखवलं.

वर्गाला काही कळलं नाही. मुलगी नेहमीसारखी खणखणीत वाचत होती. स्वल्पविरामाला थांबत होती, प्रश्नचिन्हाला आवाज चढवत होती. मुलं तिला ‘रेडिओ’ म्हणत ते उगाच नाही. भाषेच्या बाई मात्र चालत चालत तिच्या बाकामागे आल्या होत्या, म्हणून त्यांना दिसलं. पुस्तकाची दोन पानं डिंकाने चिकटली होती आणि तिने ती एकदमच उलटली होती. समोर वाघाचं चित्र आणि खाली कविता. आणि ही आपली नावाड्याच्या धड्यातलं वादळ वाचतेय! एक शब्द इकडचा तिकडे नाही.

“थांब,” बाई हळूच म्हणाल्या. “‘वाघ’ कुठे लिहिलंय? बोट ठेव बघू.”

मुलीने बोट ठेवलं, पण पानाकडे न बघता बाईंच्या चेहऱ्याकडे बघत. बाईंची भुवई हलली तसं बोट एक ओळ खाली सरकलं. भुवई पुन्हा हलली, बोट उजवीकडे. शेवटी ते वाघाच्या शेपटीवर जाऊन थांबलं.

“बस खाली,” बाई म्हणाल्या.

मधल्या सुट्टीत त्यांनी तिला फळ्यापाशी उभं केलं. तिने निम्मी अक्षरं ओळखली, निम्मी बाईंच्या तोंडावरून ताडली. घरी ताई धडा दोनदा वाचून दाखवते, असं तिने न लाजता सांगितलं. तेवढं तिला पुरायचं. गेली चार वर्षं पुरलं होतं.

शिक्षकांच्या खोलीत बाईंनी हे सांगितलं, तेव्हा गणिताचे सर चहात बिस्किट बुडवत होते.

“पाठांतर म्हणजे काय गुन्हा आहे का हो बाई? माझ्याकडे निम्मी मुलं पाढे असेच म्हणतात. सतरा पाचे विचारलं की सतरा एकेपासून गाडी सुरू.”

“आणि चालतं तुम्हाला?”

“चालतं कुठे? पण गाडी पुढे जाते ना.”

“माझ्याकडे होती तेव्हा,” चौथीच्या बाई म्हणाल्या, “तिच्या वाचनावर बोट ठेवायला जागा नव्हती.”

“अहो, एकदा तिलाच ठेवायला लावायचं होतं!”

बिस्किट चहात पडलं.

घाई होती ती गुरुवारची. गुरुवारी अकरा वाजता तळमजल्यावर, वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी, जादा वर्ग सुरू होणार होता. त्यासाठी बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञ बाई पहिल्या दिवशी हजर असतील तेवढीच मुलं घेत. मग दार बंद, ते थेट पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी ही मुलगी मोठ्या शाळेत जाणार, तिथे इतिहास, भूगोल, विज्ञान, सगळी जाडजूड पुस्तकं. ताईची जीभ तिथे किती पुरणार? आणि नेमकं गुरुवारी अकरालाच, वरच्या सभागृहात, शिक्षण खात्याच्या पाहुण्यांपुढे शाळेतर्फे वाचून दाखवायला तिलाच निवडलं होतं.

“दुसरं कोणीतरी वाचेल,” बाई मुख्याध्यापिकांना म्हणाल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत.

“कोण? तुमचा तो ततपप करणारा?”

“तो निदान वाचतो.”

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “असं करा, तिच्या आईला विचारा. आई हो म्हणाली तर माझी ना नाही.”

आई शिवणाच्या दुकानातून धावतपळत आली. गळ्यात मोजपट्टी तशीच लटकत होती. फाटकापाशी उभ्या उभ्या तिने ऐकून घेतलं.

“मागच्या महिन्यात तुम्हीच म्हणालात ना बाई, हिचं वाचन ऐकत राहावंसं वाटतं?”

“म्हणाले. ऐकायला छानच आहे, तेच तर सांगतेय.”

“हिचे बाबा गुरुवारी रजा काढून येतायत. त्यांना काय सांगू, पोरगी ढ निघाली?”

“ढ नाही हो! ढ असती तर आम्हा सगळ्यांना असं गुंडाळलं असतं का?”

आईला हसू आलं, ते तिने लगेच गिळलं. “तिलाच विचारा. ती जाते म्हणाली तर जाऊ दे.”

बाईंनी कपाळाला हात लावला. पगार घेणारी एवढी माणसं, जन्म देणारी दोन, आणि निर्णय कोणाच्या गळ्यात? तर जिला अजून ‘थ’ आणि ‘य’ वेगळे दिसत नाहीत तिच्या.

बुधवारी शाळा सुटल्यावर त्यांनी तिला थांबवलं.

“खाली गेले तर मुलं मला काय म्हणतील?” मुलीने विचारलं.

“म्हणतील दोन दिवस काहीतरी.”

“दोन दिवस नाही बाई. आमच्या वर्गातला तो उंच मुलगा गेल्या वर्षी गेला होता. त्याला अजून ‘तळघर’ म्हणतात.”

ते बाईंनीही ऐकलं होतं, आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

“मी वाचायला लागले की सगळे गप्प बसतात,” मुलगी म्हणाली.

“आणि पुढच्या वर्षी? सगळं ताईच वाचणार?”

“ताई कंटाळते आता. परवा म्हणाली, तुझं तू वाच.” ती बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. “तुम्हीच सांगा ना, कुठे जाऊ?”

“खाली जा,” बाई म्हणाल्या. “स्पष्ट सांगते. खाली जा.”

मुलीने मान हलवली. पण तशी ती सगळ्यांनाच हलवायची.

गुरुवारी अकराच्या जरा आधी ती ‘पाणी पिऊन येते’ म्हणून वर्गातून गेली. वर सभागृहात तिचे बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दुसऱ्या रांगेत बसले होते आणि मोठ्या बाई पाहुण्यांना शाळेचा इतिहास पुन्हा पहिल्यापासून ऐकवत होत्या. खाली तज्ज्ञ बाईंची हजेरी घेऊन झाली होती. भाषेच्या बाईंनी फार विनवल्यावर त्या आणखी पाच मिनिटं दार उघडं ठेवायला तयार झाल्या. मुलगी दोन्हीकडे नव्हती. बाई जिन्यात आल्या तेव्हा शिपाईमामा वरून उतरत होते.

“मामा, आमची रेडिओ दिसली का?”

“आत्ता होती की इथे, नळापाशी. पाणीबिणी काही पीत नव्हती. नुसती उभी होती.”

“मग वर गेली की खाली?”

“ते नाही पाहिलं बुवा,” मामा म्हणाले. “मी घंटा द्यायला गेलो होतो.”