गोणीचा उजवा डोळा

चष्मेवाल्याची बायको गेली त्याला चार महिने होऊन गेले, तरी पगांच्या यादीतून तिचं नाव कुणी काढलं नव्हतं. काढणार कोण? यादी सांभाळायची तीच.

यादी म्हणजे घरांची. कुणी हौसेनं घेतलेले आणि मग नकोसे झालेले, कुणी पिल्लांसाठी वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राबवलेले असे चपट्या नाकाचे पग कुत्रे दहाबारा जण मिळून सोडवून आणत. औषधपाणी करत आणि कायमचं घर मिळेपर्यंत यादीतल्या कुणाच्या तरी घरी ठेवत. पगार कुणालाच नव्हता. या सगळ्यांची म्होरकी होती बसवाली ताई. वीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली होती, आणि आता निवृत्त झाल्यावर सगळ्यांशी ती अजून पोरं मागे दंगा करत असल्यासारखी बोलायची.

एका रविवारी सकाळी ती दारात उभी राहिली. काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेला एक पग.

"भाऊजी, पाळी तुमच्या घराची आहे."

"ताई, ती नाही आता."

"मला सांगताय? मी होते ना तिथं." ताईनं ओझं दुसऱ्या काखेत घेतलं. "बाकी घरं भरली. एका माणसाकडून सतरा काढलेत काल. सतरा! आठ दिवस ठेवा, मी काहीतरी बघते."

नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण शोधायचं म्हणजे डोकं चालवायचं. चष्मेवाला दारातून बाजूला झाला.

बायको गेल्यापासून त्याचं असंच चाललं होतं. अकरा दिवस इस्पितळात, मग संपलं. पुढच्या आठवड्यात त्यानं दुकान उघडलं. लोकांना खुर्चीत बसवायचं, समोरची अक्षरं वाचून घ्यायची, भिंगं बदलत विचारायचं, आता बरं की मघाशी बरं? हात आपले आपण चालत. परगावी राहणारी मुलगी रोज फोन करायची. "बाबा, एकदा मोकळेपणानं रडा हो," ती म्हणायची. तो म्हणायचा, "बघतो." जणू तिनं एखादं बिल भरायला सांगितलं होतं.

कुत्री साताठ वर्षांची असावी. सगळं आयुष्य पिंजऱ्यात गेलेलं. डावा डोळा काळपट पडून कधीच गेला होता, उजव्यानं बरं दिसत होतं. उचललं की अंग सोडून द्यायची, म्हणून ताईनं तिचं नाव ठेवलं होतं गोणी. जिथं ठेवाल तिथं ती उभी राहायची. बसायचं असतं हेसुद्धा तिला अर्ध्या तासानं सुचायचं. खाताना वाटी ओढून घेतली तर वाटी होती त्या जागेकडे बघत राहायची. गुरगुरणं नाही, शेपूट हलवणं नाही. घोरणं मात्र असं, की वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यानं विचारलं, "पाहुणे आलेत का हो?"

चष्मेवाल्याला हे सोयीचं होतं. त्याच्याकडून काही मागणारं कुणी घरात नव्हतं. चेहऱ्यावरच्या वळ्या ओल्या कापसानं पुसायच्या, कोरड्या करायच्या, डोळ्यात थेंब घालायचे. बायकोला करताना त्यानं शेकडो वेळा पाहिलं होतं. गळ्यात पट्टा घालायचा नाही, छातीचा घालायचा, नाहीतर श्वास अडतो. उन्हात न्यायचं नाही. तो ते सगळं करायचा, दुकानाला कुलूप लावावं तसं. आठ दिवसांचे वीस झाले. ताईनं विषय काढला नाही, त्यानंही नाही.

तो तिला दुकानात घेऊन जाऊ लागला. मागच्या बाजूला, भिंगं घासायच्या यंत्राजवळ, चौकटींच्या रिकाम्या खोक्यांमध्ये ती पडून असायची. एका बुधवारी संध्याकाळी त्याला दिसलं की तिचा उजवा डोळा जरा लाल आहे आणि ती तो मिचकावते आहे. तो गुडघ्यावर बसला. पापणी वर करून पाहिलं. पाणी येत होतं. खोक्याचा कोपरा लागला असेल. बाहेर दोन गिऱ्हाईकं थांबली होती.

"उद्या बघू," तो तिला म्हणाला, आणि थेंब घालून उठला.

सकाळी डोळा निळसर दुधी झाला होता. मधोमध एक खड्डा. गोणी भिंतीला डोकं टेकून उभी होती, आवाज न करता.

ताई दहा मिनिटांत गाडी घेऊन आली. जनावरांची डॉक्टरीणबाई तरुण होती, हलक्या हाताची. जखम दिसावी म्हणून तिनं डोळ्यात हिरवा रंग घातला, दिव्यानं पाहिलं, आणि दिवा बंद केला.

"फाटलाय. आतपर्यंत. काढावा लागेल."

"दुसरा आधीच गेलाय तिचा," ताई म्हणाली.

"हो. पण याच्या वेदना फार आहेत. ठेवून उपयोग नाही."

चष्मेवाल्यानं विचारलं, "काल संध्याकाळी आणलं असतं तर?"

डॉक्टरीणबाईनं ताईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "कदाचित," ती म्हणाली. "यांचे डोळे बाहेर आलेले असतात, फार लवकर बिघडतात."

त्यानं मान हलवली. तीस वर्षं तो माणसांच्या डोळ्यांत बघत आला होता. सही केली. गोणीला आत नेलं, तेव्हा ती डॉक्टरीणबाईच्या हातांवर नेहमीसारखी सैल लोंबत होती.

बाहेरच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या आणि भिंतीवर मांजरांच्या जंतांचं मोठं चित्र. त्यानं त्या चित्रातला एकेक जंत नीट पाहिला. आपल्याला आता वाईट वाटायला हवं, हे त्याला कळत होतं. आत कुठं काही हलतंय का ते तो चाचपत होता, अंधारात बटण शोधावं तसं. फक्त बोटं गार पडली होती.

"तिलाही मी उद्या बघू म्हणालो होतो," तो म्हणाला.

ताईनं मान वळवली. कुणाबद्दल ते तिनं विचारलं नाही.

"ताप होता. म्हटलं, एक दिवस बघू, उतरेल. दुसऱ्या दिवशी नेलं तर ते म्हणाले, रात्रीत इन्फेक्शन रक्तात पसरलं."

ताईनं हातातली गाडीची किल्ली पिशवीत टाकली.

"भाऊजी, त्या दिवशी मी फोन केला होता तिला. आवाज बसला होता. म्हटलं, डॉक्टरकडे जा. तर मला काय म्हणाली? उद्या बघू, आज दोन कुत्री पोचवायचीत." ताईनं पदरानं नाक पुसलं. "मीही म्हटलं, बरं. मी! बसमध्ये कुणी पोर नुसतं खोकलं तर गाडी थांबवायची मी."

चष्मेवाल्याला हे ठाऊक नव्हतं. तो पुन्हा चित्राकडे बघू लागला. ताई शेजारी रडत होती, खुर्ची हलत होती. त्यानं तिला आपला रुमाल दिला. तोवर आतून कुणीतरी सांगितलं, झालं, व्यवस्थित झालं.

दोन्ही बाजू शिवलेल्या चेहऱ्यानं गोणी घरी आली. आता तो तिला चालायला शिकवू लागला. बिछान्यापासून पाण्यापर्यंत पायपुसणी अंथरली, म्हणजे पायाला वाट कळावी. टेबलांच्या पायांना जुने टॉवेल बांधले. आडवं काही आलं की तो "थांब" म्हणायचा, आणि गोणी थांबायची. थांबणं तिला येतच होतं. टाके निघाले तोवर ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याखाली उभी राहू लागली होती. मुलीनं फोनवर विचारलं, "बाबा, काय बांधताय एवढं?" त्यानं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जेवलात का?"

महिन्याभरानं ताईनं घर शोधून आणलं. दोघी बहिणी, दोघींनीही लग्न केलं नव्हतं. थोरली टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, धाकटी अजून शिलाई करायची. तळमजला, एकही पायरी नाही, आधीची पगीण चौदा वर्षांची होऊन गेलेली. चष्मेवाल्यानं स्वतः जाऊन घर पाहिलं. फरशी पाहिली, दाराच्या फटी पाहिल्या, शिलाई यंत्राखाली सुया पडतात का ते ओणवं होऊन पाहिलं.

"असं तर आमच्या हेडबाईंनीही कधी तपासलं नाही," थोरली म्हणाली.

"तुम्हाला हिच्याशिवाय राहवतच नसेल तर तसं सांगा हो," धाकटी हळूच म्हणाली. "आम्ही काही मनात आणणार नाही."

त्यानं विचार केला. दिवसभर दुकान, दुकानात खोकी, यंत्रं, गिऱ्हाईकं. इथं दोन माणसं दिवसभर घरात. "नाही," तो म्हणाला. "तिचं इथं बरं होईल."

पुढच्या शनिवारी तो आणि ताई गोणीला पोचवून आले. कापूस कसा धरायचा, वळी कुठून पुसायची, वजन किती वाढू द्यायचं, घोरणं थांबलं तर का घाबरायचं आणि घोरत असली तर का नाही, हे सगळं तो सांगत होता आणि धाकटी शिलाईच्या वहीत मापांच्या शेजारी लिहून घेत होती. गोणी खोलीच्या मधोमध उभी होती. तो निघाला तेव्हा तिनं मान वळवली नाही. त्याला त्याचं काही वाटलं नाही, किंवा वाटलं असेल तर कळलं नाही.

गाडीत बसल्यावर ताईला हुंदका आवरेना. दर वेळी तिचं असंच व्हायचं. "तुम्ही चालवा," ती किल्ली देत म्हणाली. "तुम्हाला रडू येत नाही ते एक बरं आहे. कुणीतरी गाडी नीट घरी न्यायला हवी."

त्यानं गाडी नेली. सहा वर्षांनी चालवत होता. ताई रडता रडता तीनदा ओरडली, "गिअर! गिअर!"

पंधरा दिवसांनी दुकानात थोरलीचा फोन आला. खुर्चीत एक गृहस्थ बसले होते, नाकावर तपासणीची जड गोल चौकट.

"अहो, तुमची गोणी चावली!" थोरली ओरडली.

"कुणाला?"

"धाकटीला! पोळीचा तुकडा होता गोणीच्या तोंडात, धाकटी तो काढून घ्यायला गेली. आधी गुरगुरली. मग बोटच धरलं!"

"गुरगुरली?"

"चांगलीच! मी आतल्या खोलीतून ऐकलं."

"रक्त आलं का?"

"थोडं. पण धाकटी इतकी खूश आहे, पट्टी बांधून सगळ्या गल्लीला बोट दाखवत फिरतेय. म्हटलं, तुम्हाला आधी सांगावं."

तिकडून फोन ठेवला गेला तरी चष्मेवाला तो तसाच कानाला लावून उभा राहिला.

"काही झालं का?" गृहस्थांनी विचारलं.

"एक कुत्री चावली."

"अरेरे."

"नाही, नाही. तसं नाही ते," चष्मेवाला म्हणाला. सांगायचं तर फार मागून सांगावं लागणार होतं. त्यानं भिंतीजवळचं स्टूल ओढलं, गृहस्थांच्या समोर बसला आणि सतरा कुत्र्यांपासून सुरुवात केली. गृहस्थ एका डोळ्यावर भिंग, एका डोळ्यावर झाकण अशा अवस्थेत शेवटपर्यंत ऐकत राहिले.