दहा खाचा आणि एक हलती मान

मित्रांनो, मी एक जुना आकारफलक आहे. म्हणजे सागवानी पाटीत कोरलेल्या दहा खाचा आणि त्यांत नेमके बसणारे दहा ठोकळे: चांदणी, अर्धचंद्र, फुली वगैरे. मुलाने ते भराभर बसवायचे, मोठ्यांनी वेळ मोजायचा. पण मला खेळणे म्हणू नका. मी मानसशास्त्रीय चाचणी आहे. शेकडो मुलांवर मला पारखले गेले, तेव्हा कुठे कोणत्या वयाला किती वेळ लागतो याचा तक्ता माझ्या पुस्तिकेत छापला गेला.

पुढे आमच्या मानसशास्त्र विभागात संगणकाच्या पडद्यावरच्या चाचण्या आल्या आणि मी कपाटाच्या तळाशी गेलो. तिथून मला एका संशोधक मुलीने शोधून काढले. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या विचारशक्तीवर तिचे काम चालले होते आणि हाती येणाऱ्या प्रत्येक चाचणीत सूचना तोंडी होत्या. यात बुद्धी मोजतात की कान, असे ती वैतागून तिच्या मार्गदर्शक मॅडमना विचारी. मी सापडल्यावर तिने आधी ठोकळे मोजले, मग तक्त्यातले वयोगट तपासले. धूळ पुसली ती सगळ्यांत शेवटी. मला ते फार आवडले.

पहिली आली भिंगरी. सात वर्षांची, ऐकू न येणारी; पाय एका जागी ठरत नाही म्हणून घरच्यांनी ठेवलेले हे नाव. तोंडी चाचणीत तिच्या पदरी भोपळा पडला होता. तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिका तिला खालच्या वर्गात बसवायला निघाल्या होत्या. माझा निकाल येईपर्यंत तेवढ्या थांबल्या होत्या.

नियम असा, की तीन फेऱ्या घ्यायच्या आणि सर्वांत कमी वेळ धरायचा. पहिली फेरी रेंगाळली. दुसरीही तशीच. संशोधक मुलीचा चेहरा उतरला. तेव्हा मागे बसलेल्या मॅडम म्हणाल्या, "अगं, ती तुझ्या मानेवर चालली आहे."

"माझ्या?"

"दर ठोकळ्याला तू मान डोलावतेस. ती त्याचीच वाट बघत बसते. पुस्तिकेत काय लिहिलंय?"

"चेहरा स्थिर ठेवावा." मुलगी ओशाळली. "मला वाटलं, पोरीला तेवढाच धीर."

"धीर आधी दे. घड्याळ सुरू झालं की हाताची घडी."

तिसरी फेरी. भिंगरीने चांदणी बसवली आणि वर पाहिले. समोर नुसता दगड. माझ्या लाकडाला घाम फुटायचा बाकी होता. तिने क्षणभर वाट पाहिली, नाक मुरडले आणि मग तिचे दोन्ही हात सुटले. टपाटप, टपाटप, एकही ठोकळा चुकीच्या खाचेकडे वळला नाही. तक्त्यात पाहिले, तर तिच्या वयाच्या बहुतेक मुलांपेक्षा कमी वेळ. मुख्याध्यापिकांनी तो आकडा स्वतः ताडून पाहिला आणि भिंगरीला आहे त्याच वर्गात राहू दे म्हणाल्या. संशोधक मुलगी पुढे कितीतरी दिवस आरशासमोर बसून मान न हलवण्याचा सराव करत होती.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना वापरायचे तर आधी पुस्तिका वाचा, ठोकळे हरवू नका आणि मुलाला मंद म्हणण्यापूर्वी आपण काय मोजले ते एकदा तपासा. एवढेच मागणे आहे.

त्या दिवशी घड्याळ थांबल्यावर भिंगरीने मला उलटे केले, ठोकळे सांडले आणि कुणी न सांगता चौथी फेरी सुरू केली. तो वेळ कुणीच मोजला नाही. मी मोजला. पण चाचणीने आपणहून निकाल फोडायचा नसतो.