पिठातली पावलं

वेदिकाची आजी नवसाबाई गेली, तेव्हा मखमलाबादच्या मळ्यात झेंडू नुसता पेटलेला होता आणि तिच्याशिवाय खुडणीला कुणाचे हातच वळत नव्हते. दहावा रामकुंडावर झाला. त्या संध्याकाळी शकुआजीनं सूत्रं हातात घेतली. शकुआजी म्हणजे आजोबांची धाकटी बहीण, सिन्नरला दिलेली. मेल्यावर माणसाचं काय होतं याची सगळी माहिती तिच्याकडे असते आणि ती कुणी विचारायची वाट बघत नाही.

आजीनं जिथं शेवटचा श्वास घेतला तिथं तिनं परातीत पीठ पसरलं, शेजारी दिवा लावला आणि परातीवर टोपलं पालथं घातलं. "सकाळी बघायचं. ज्या जल्माला गेली आसंल त्याची पावलं पिठात उमटत्यात."

वेदिका नववीत. एरवी तिनं यावर तासभर वाद घातला असता. पण सावळीराम आजोबा, बायको गेल्यापासून धड जेवले नव्हते, ते तिच्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "लहान पोराचं पाऊल उमटू दे. म्हंजी ती माणसात येईल, आपल्यातच कुठंतरी. मी हाय तवर दिसंल तरी."

झालं, वाद गिळून वेदिकाही पावलाची वाट बघायला लागली.

सकाळी टोपलं उचललं. पीठ जसंच्या तसं. मुंगीसुद्धा फिरकली नव्हती.

शकुआजीनं हात जोडले. "सुटली रे दादा, वहिनी सुटली. जल्माचा फेराच संपला तिचा."

सगळ्यांचे चेहरे उजळले. वेदिकाच्या आईनं डोळे पुसत परातीला नमस्कार केला, काकांनी घोटीच्या पाहुण्यांना फोन लावून बातमी दिली. आजोबा "चांगलं झालं" म्हणाले आणि झेंडूच्या बांधावर जाऊन बसले.

वेदिका चहा घेऊन मागोमाग गेली. "आजोबा, डायरेक्ट मोक्ष. याच्या वर काही नसतंच."

"हा ना."

"मग तोंड का असं?"

"तिची लय मोठी सोय झाली. माझी काय?" आजोबांनी कप नुसता धरून ठेवला. "भांडण झालं की म्हनायची, पुढच्या जल्मी तुमचं तोंड बघायची नाय. खरं केलं तिनं."

हल्ली वेदिकाकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं, शाळेत बाई त्यावरून चिडायच्यासुद्धा. आताही ती उठली आणि तडक आत आली. सगळे मागच्या पडवीत चहाला बसले होते. तिनं परात पुढं ओढली, मूठ वळून तिची कड पिठात दाबली आणि वर बोटानं पाच टिपके दिले. गोकुळाष्टमीला दारात काढतात तसं, बाळाचं इवलंसं पाऊल.

मान वर केली तर दारात आजोबा.

आता 'उमटलं' म्हणावं तर मनगटापर्यंत पीठ. आजोबांनी वाकून पाहिलं.

"येडी का काय तू? हे दाराकडं तोंड करून चाललंय."

"मग?"

"बाहेर कुठं धाडतीस तिला? आत येणारं काढ."

त्यांनी तळव्यानं पीठ सारखं केलं. वेदिकानं पाऊल फिरवून काढलं. "दुसरं मी काढतो," म्हणत आजोबांनी आपली मूठ टेकवली आणि वर बोटानं चार टिपके दिले.

"आजोबा, हे हत्तीचं झालं."

आजोबा हसले. खांदे हलेपर्यंत हसले. तेवढ्यात शकुआजी आत आली. तिनं पावलं पाहिली, भावाची पिठानं माखलेली मूठ पाहिली आणि कमरेवर हात ठेवले.

"दादा, हे खरं वाटतंय तुला?"

"नाय."

"मग?"

"बोलावणं हाय हे. यायचं का नाय ते तिचं ती बघंल."

"सुटलेल्या जिवाला असं वढू नये."

"वढत कोण हाय? मी आपलं सांगून ठेवतोय."

शकुआजी गुडघे धरत खाली बसली. काहीतरी मोठं बोलणार असं वेदिकाला वाटलं. पण तिनं बोट पुढं करून हत्तीच्या पावलाला एक टिपका दिला. "करंगळी ऱ्हायली होती," ती पुटपुटली आणि टोपलं झाकलं.

आजोबांनी हात झटकले. "वेदे, आईला म्हणावं भाकरी टाक. दोन टाक."