अकरा फुटक्या रिंगा

पाइपलाइनमधला गॅस पुढे ढकलणाऱ्या स्टेशनवर ताईची एकोणीस वर्षं गेली होती. दुरुस्तीची सगळी जबाबदारी तिच्याकडे. तिथले लोक वयाने मोठे असले तरी तिला ताईच म्हणायचे, आणि मोठे साहेब चिडले की मॅडम.

गेल्या दोन हिवाळ्यांत व्हॉल्वमधल्या काळ्या रबरी रिंगा एकामागून एक फुटल्या. पाच वर्षं टिकायला हव्यात, त्या पाच महिन्यांत तडकत होत्या. अकराव्या वेळी गॅस इतक्या जोरात फुसकारला, की शिडीवरचा फिटर दचकून खाली पडला आणि त्याचं मनगट मोडलं. आग लागली नाही हे नशीब. ताईने रिंगा बनवणाऱ्या कंपनीला तीन पत्रं पाठवली. तिन्हींना उत्तर एकच आलं : रिंग बसवताना चूक होत असावी.

मग तिने प्रत्येक रिंगेची तारीख, त्या दिवसाचं तापमान, तडा कुठे गेला, सगळं मांडून निबंध लिहिला. तेल आणि वायू तंत्रज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तो स्वीकारला. पंधरा मिनिटं, चौथं दालन, सकाळी अकरा चाळीस. नवऱ्याने आरशासमोर उभं करून तिच्याकडून भाषण सहा वेळा म्हणवून घेतलं. "घाई करू नकोस, आणि साहेबांसारखं खाकरू नकोस," एवढंच तो म्हणाला.

परिषदेत उद्घाटनाची भाषणं लांबली. अकरा वाजता संयोजक बाईंनी सांगितलं, पंधराऐवजी सात मिनिटं. ताईने चार चित्रं गाळली. साडेअकराला सांगितलं, चार मिनिटं. तिने तापमानाचा तक्ताही गाळला. बाराला त्या पुन्हा आल्या, चेहऱ्यावर तेच हसू.

"तुमचं आपण पोस्टर करू या. लोक निवांत वाचतील."

"पण वाचून दाखवायचं ठरलं होतं."

"वेळच उरला नाही हो. माझ्या हातात काही नाही."

पोस्टरला जागा मिळाली स्वच्छतागृहाच्या वाटेवर, कॉफीच्या यंत्रामागे. तिथून जाणारा प्रत्येक जण घाईत असायचा, आणि परतणारा हात झटकत. तासाभरात तिला दोघांनी प्रश्न विचारला. दोघांनाही साखर कुठे आहे हे जाणून घ्यायचं होतं.

ताईचं डोकं तापलं. पर्समधून तडकलेली रिंग काढून ती सरळ रिंगवाल्या कंपनीच्या स्टॉलवर गेली. स्टॉल कसला, राजवाडाच. मधोमध एक यांत्रिक हात व्हॉल्व उघडून मिटत होता. विक्रेत्याने आधी तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राचा फोटो घेतला, मग छत्री घातलेली पिशवी तिच्या हातात दिली, आणि मग कुठे रिंगेकडे पाहिलं.

"बसवताना चूक होत असेल."

"माझा फिटर तीस वर्षं रिंगा बसवतोय. तुम्ही किती बसवल्यात?"

तो हसला. "मॅडम, मी विक्रीत आहे. तांत्रिक लोक उद्या येतील."

"उद्या परिषद संपते."

"म्हणजे उद्या आहेच की."

छत्री त्याच्या टेबलावर ठेवून ती परत आली, तर पोस्टरसमोर एक उंच, टक्कल पडलेला माणूस वाकून उभा होता. दूरच्या एका थंड देशातला. दोघांचंही इंग्रजी मोडकंतोडकं, पण यंत्राचे शब्द सारखेच. त्याने तडा दाखवणाऱ्या चित्रावर बोट ठेवलं. मग त्याने फोन काढून फोटो दाखवला. तीच रिंग, तसाच तडा, त्याच बाजूला.

"किती?" ताईने विचारलं.

"चौदा. मी पत्र लिहिलं. ते म्हणाले, बसवताना चूक."

ताईला हसूही आलं आणि रडूही. इतके दिवस ती स्वतःवरच शंका घेत रात्ररात्र कुढली होती, आणि एकच वाक्य सगळीकडे जात होतं.

दोघं मिळून स्टॉलवर गेल्यावर मात्र विक्रेत्याने आतल्या खोलीतून व्यवस्थापकाला बोलावलं. व्यवस्थापक फार अदबीने वागला. दोघांना बसवलं, पाणी दिलं, सगळं टिपून घेतलं. शेवटी म्हणाला, "आम्ही तपास करू. तोवर ते पोस्टर तेवढं काढाल का?"

"नाही," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टर जागेवर नव्हतं. संयोजक बाई म्हणाल्या, सफाईवाल्यांनी उचललं असेल. सफाईवाला म्हणाला, आम्ही भिंतीला हातही लावत नाही. ही टोलवाटोलवी ऐकून ताईच्या मस्तकात तिडीक गेली. ती चहाच्या रांगेशी जाऊन उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येकापुढे रिंग धरू लागली. "ही तुमच्याकडे फुटते का?" पुष्कळांनी तिला काहीतरी विकणारी समजून मान वळवली. तिला लाज वाटत होती. टकलू मात्र शेजारी वही घेऊन खांबासारखा उभा राहिला. संध्याकाळपर्यंत वहीत सात स्टेशनांची नावं आणि सह्या आल्या. त्या सात सह्यांचं पत्र दोघांनी कंपनीला पाठवलं.

ती घरी पोचण्याआधी कंपनीचा फोन मोठ्या साहेबांकडे पोचला होता.

"मॅडम, तुम्हाला निबंध वाचायला पाठवलं होतं, भांडायला नाही."

"निबंध वाचू दिला असता तर भांडले नसते."

साहेब खाकरले आणि त्यांनी कागदात डोकं घातलं.

तीन महिन्यांनी कंपनीचं परिपत्रक आलं. थंड हवामानात ही रिंग दर चार महिन्यांनी बदलावी. का, ते नाही. चूक कुणाची, ते नाही. माफीचा तर शब्दही नाही. ताईने टकलूला फोन लावला.

"आलं का तुझ्याकडे?"

"आलं. वर लिहिलंय, ग्राहकांच्या सुरक्षेसाठी आमचं नवं पाऊल."

मनगटाला पट्टा बांधलेला फिटर समोर नव्या रिंगांचं खोकं उघडत होता. त्याच कंपनीच्या. दुसरीकडून घ्यायच्या तर खरेदी समिती बसावी लागते, आणि ती पुढल्या वर्षी बसणार होती.

"आता रिंगा फुटायच्या आधी बदलता तरी येतील," पलीकडून तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "पण राग अजून गेलेला नाही. थांब, रिंग बदलायचीय, आधी व्हॉल्व बंद करून घेते. मग बोलू."