झावळ्यांच्या रविवारी वाढे

केसरबाई शाळेत दुसरीपर्यंतच गेली होती, पण तिच्या तोंडापुढं चर्चच्या कमिटीतला एकही पँटवाला टिकत नसे. चार वर्षांपूर्वी फादरनी वेदीसमोर सगळ्या मंडळीला शपथ दिली, की नाल्याकाठची ओली काठी कुणी तोडणार नाही, तिथं शेरडं चारणार नाही. बाकीचे शपथ घेऊन जेवायला गेले. केसरबाई दुसऱ्या दिवशी दांडकं घेऊन नाल्यावर जाऊन बसली. सुंदरराव गावचा बडा जमीनदार. तिनं त्याच्या म्हशीसुद्धा हुसकल्या. तो चिडला, पण पुढं त्यानंही कबूल केलं. अट एकच घातली: "तुमी पाळाल तवर आमी पाळू."

आता दुष्काळानं पार सिरसाळ्यापर्यंतच्या गावांना टँकर लागले होते, तरी नाल्याखालच्या विहिरीला पाणी होतं. अख्खं गाव तिथंच पाणी भरत होतं. हे आमच्या मंडळीनं झाडं राखली म्हणून, असं केसरबाई ज्याला त्याला ऐकवी, त्यानं विचारलेलं नसलं तरी.

अडचण आली ती झावळ्यांच्या रविवारी. प्रभू येरुशलेमात आला तेव्हा लोकांनी ‘होसान्ना’ असा जयजयकार करत झावळ्या हलवल्या, म्हणून त्या दिवशी मंडळी शिंदीच्या झावळ्या घेऊन मिरवणूक काढते. आणि शिंदी होती फक्त नाल्यावर. कमिटीतला शहादेव म्हणाला, देवाचंच काम, वर्षातून एकदा, चाळीस झावळ्यांनी काय बिघडतंय. फादरही घुटमळले. तिकडं सुंदररावानं बोलून ठेवलं होतं, की चर्चवाल्यांची पहिली झावळी पडली की त्याच दिवशी आपले गडी जळणासाठी नाल्यावरच्या बाभळी पाडतील.

"देवानं मागितल्या का तुला झावळ्या?" केसरबाईनं शहादेवला विचारलं. "त्यो गाढवावर बसून आलता. तोरा तुमालाच लई."

पण मोकळ्या हातांची मिरवणूक म्हणजे गावात हसू, हे तिलाही कळत होतं.

शनिवारी दुपारी तिचा थोरला आसाराम ऊसतोडीहून परतला. ऊसच नव्हता, म्हणून कारखाना लवकर बंद झालेला. ट्रकवर त्यानं घरच्या बैलजोडीसाठी वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, रचून आणले होते. केसरबाईनं ट्रकभोवती एक चक्कर मारली आणि सांगितलं, हे उद्या चर्चात न्यायचे.

"माय, बैलांच्या बरगड्या दिसायल्यात," आसाराम म्हणाला.

"मिरवणूक झाली की खातील. उपासाचे दिवस हायत, त्येंनी बी एक सकाळ धरावा."

रविवारी मंडळी वाढे हलवत निघाली. पात्यांनी हात चिरत होते, पण कुणी वाढा खाली टाकला नाही, कारण मागून केसरबाई बघत होती. नाल्याशी सुंदरराव उभाच होता. त्याच्यामागं तीन गडी, कुऱ्हाडी घेऊन.

"देवाला वैरण घालायली का, केसरबाई?"

"त्याचीच गुरं खातील. तुमी नाल्यात उतरा, सुंदरराव. शिंदीवर एक जरी ताजा घाव दिसला, तर मी सोता बाजूला व्हते. खुशाल तोडा."

तो खरंच उतरला. मिरवणूक जागीच थांबली. तो एकेक शिंदी निरखत पार वळणापर्यंत गेला. वर आला तेव्हा गड्यांना एवढंच म्हणाला, की घराकडं चला.

पुढं निघायचं का, असं फादरनी हळूच विचारलं.

"निघा की," केसरबाई म्हणाली. "आन् होसान्ना जरा मोठ्यानं म्हणा. सुंदररावांच्या वाड्यात ऐकू गेलं पायजे."