पाण्यावाचून झाडलेलं तळघर

मित्रांनो, मालवणच्या एका इमारतीत जिन्याखाली उलटा टेकवलेला, झिजून निम्मा झालेला खराटा दिसला तर नाक मुरडू नका. तो जुना खराटा म्हणजे मीच, आणि मला मनातलं एक ओझं उतरवायचं आहे.

माझा जन्म वालावलचा. तिथल्या काशीबाईने माडाच्या चुडतांचे, म्हणजे झावळ्यांचे, हीर सोलले, उन्हात वाळवले आणि सुंभाने मला करकचून बांधलं. तिच्या अंगणात मी रुबाबात वावरलो. आधी पाण्याचा शिडकावा, मग माझा फेरा, हा तिथला नेम. चुकून पाय लागला तर ती मला हात लावून नमस्कार करायची. पुढे तिची सून शेवंती या इमारतीत झाडलोटीला लागली आणि मला सोबत घेऊन आली.

इथे काम तळघरातल्या पार्किंगचं. पावसाळ्याआधी आपल्याकडे पडवीला झावळ्यांची विणलेली झापं बांधतात, तशीच सेक्रेटरी हरिश्चंद्र मास्तरांनी तळघराच्या झरोक्यांना बांधून घेतली. पाऊस गेला, झापं मात्र राहिली. काढली तर किनाऱ्याची वाळू गाड्यांवर बसते म्हणे! वारा कोंडला. इमारतीत उतरलेल्या पर्यटकांच्या गाड्या एसी लावून तासन्‌तास घुरघुरत राहायच्या. जमिनीवर काळी, बारीक भुकटी साठू लागली.

"मास्तरांनू, पाणी शिंपडून झाडलंय तर चलात? धुरळो नाकातोंडात जाता," शेवंतीने एकदा भीत भीत विचारलं.

"अजिबात नको. गाडियेंका चिखल लागता, मगे लोक माका बोलतत."

झालं! मी कोरडाच फिरू लागलो. प्रत्येक फटकाऱ्याला काळा ढग उठायचा. शेवंतीची चार वर्षांची समीक्षा खांबाशी बसून त्या भुकटीत बोटाने फुलं काढायची आणि तेच बोट चोखायची.

"गो बाय, बोट तोंडात घालू नको!" शेवंती ओरडायची आणि पुन्हा झाडू लागायची. पोरीचा खोकला वाढत होता. मला तो रोज ऐकू यायचा. पण मी बापडा दुसऱ्याच्या हातातला, थांबणार कसा?

त्या सकाळी मी कोपऱ्यातला ढीग ओढत होतो. खोकला एकाएकी थांबला. मला बरं वाटलं, केवढा मूर्ख मी! पोर खांबाला धरून उभी होती, छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि ओठ निळसर पडले होते.

"आये... माका... दम..."

शेवंतीने मला फेकलं आणि तिला उचलून जिन्याकडे धावली. मास्तर गाडी काढायलाच खाली येत होते. पोरीचा चेहरा पाहताच त्यांनी दोघींना गाडीत घेतलं आणि दवाखान्याकडे गाडी पिटाळली. मी जमिनीवर पडून राहिलो, त्या भुकटीतल्या अर्ध्या फुलाशेजारी. दिवसभर मला उचलायला कुणी आलं नाही. तो दिवस सरता सरेना.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. न झोपलेले डोळे. जमलेल्या गाडीवाल्यांना ते म्हणाले, "पोर वाचली. डॉक्टरांनी तिची काळी नखं बघितली आणि विचारलं, ही खेळते कुठे? ही साधी माती नव्हे. टायरचा चुरा, ब्रेकची धातूची भुकटी, धुराची काजळी आहे. श्वासातून जाते, हातातून पोटात जाते. चूक माझी आहे." मग त्यांनी स्वतःच्या हाताने झापं ओढून काढली आणि माझ्याशेजारी पाण्याची भरलेली बादली आणून ठेवली. समुद्राचा वारा आत आला.

मित्रांनो, तो ढग उठवणारा मी होतो, हे मी विसरू शकत नाही. बंद जागेत गाडी चालू ठेवून बसू नका, झरोके बुजवू नका, आणि मला कोरडा हातात घेऊ नका.

समीक्षा आता खाली येत नाही. आई कामावर आली की ती वर अंगणात, तळघराच्या दारापाशी उभी राहते. मला पाहिलं की दोन पावलं मागे सरते आणि तिथूनच खाली हाक मारते, "आये, पाणी मारलंस?"

"मारलंय गो बाय," शेवंती सांगते. तोवर मी हलत नाही.