बंदरातली मारामारी

ओमकारचा फोन आला तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत होते आणि माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. हा ओमकार तळेऱ्याचा, माझा जुना विद्यार्थी, गणितात यथातथाच. आता पुण्यात नोकरी करतो आणि फावल्या वेळात जुने व्हिडिओ गेम गोळा करतो. माणसाला काय काय सुचेल सांगता येत नाही.

"बाई, तुम्ही एकदा वर्गात एका गेमबद्दल सांगितलं होतंत. बंदरावरची मारामारी, मग मासळीबाजार. पिंप फोडलं की भाजलेली कोंबडी मिळते. मी सगळीकडे शोधला. कुणाकडे नाही, कुणाला आठवतसुद्धा नाही. तुमच्याकडे ती कॅसेट अजून आहे का?"

"नाव काय त्याचं?"

"तेच तर तुम्हाला विचारतोय!"

नाव आम्हालाही कधी कळलं नव्हतं. भाईंनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तो टीव्ही गेम म्हापशाच्या बाजारातून आणला होता. सोबत एक पिवळी कॅसेट. तिच्यावरचं चित्र निघून गेलेलं आणि पडद्यावर नाव उमटायचं ते चिनी की जपानी, देव जाणे. प्रीतमने, माझ्या थोरल्या भावाने, त्याचं नाव ठेवलं 'बंदरातली मारामारी'. आमच्या तोंडवळी गावात तेच नाव चाललं.

ओमकारला एवढंच हवं होतं की मी गेम लावावा आणि शेवटापर्यंत खेळून मोबाईलवर त्याचं चित्रण करावं. दिवाळीची सुट्टी लागलीच होती. मी हो म्हटलं. त्याची काकुळत ऐकून म्हटलं की मलाच तो पुन्हा बघावासा वाटला, ते आता सांगणं कठीण आहे.

खेळ साधा होता. डावीकडून उजवीकडे चालत जायचं आणि वाटेत येणाऱ्या गुंडांना चोपायचं. दोघांनी खेळायचं असेल तर एक लाल माणूस, एक निळा. लाल पहिल्या नंबरचा, म्हणजे हक्काने प्रीतमचा, पण मी भोकाड पसरलं आणि लाल मला मिळाला. प्रीतम जन्मभर निळाच राहिला. दोघं बरोबर चालल्याशिवाय चित्र पुढे सरकायचं नाही, एक मागे राहिला की दुसऱ्याने थांबायचं. गुंड संपले की पडद्यावर इंग्रजीत जी आणि ओ अशी दोन अक्षरं लुकलुकायची. प्रीतम म्हणायचा, "बघ, तुकाच हाक मारता. गो!" आमच्याकडे मुलींना 'गो' म्हणूनच हाक मारतात, त्यामुळे मला ते कितीतरी दिवस खरंच वाटत होतं.

आणि सोमवार. आमच्याकडे सोमवार म्हणजे शिवराक, मासळी-कोंबडीला घरात थारा नाही. एका सोमवारी आई घावनांचं पीठ कालवता कालवता मधल्या घरात डोकावली आणि नेमका तेव्हाच प्रीतमचा निळा पिंप फोडून कोंबडी गट्टम करत होता. आईने पिठाचा हात तसाच कमरेवर ठेवला. "आज वार काय? खेळात झाला म्हणान काय झाला? सोमारी कोंबडी खातास?" प्रीतमने खूप वाद घातला, ती खरी कोंबडी नाही, ती ताकद आहे, ती खाल्ली नाही तर माणूस मरतो. आई म्हणाली, मरूंदे. तेव्हापासून सोमवारी आमचे दोघे वीर कोंबडीला वळसा घालून जात आणि मासळीबाजारात उपाशीपोटी मार खाऊन पडत. जगात आणखी कुठे कुणी हा खेळ असा खेळलं असेल असं मला वाटत नाही.

प्रीतम पुढे बोटीवर लागला. मोठ्या, मालवाहू बोटीवर. एका फेरीत बोट बंदराला लागली आणि प्रीतम तिच्यावर नव्हता. कंपनीच्या माणसाने फोनवर 'मिसिंग' असा शब्द वापरला. भाईंनी तो आईला जसाच्या तसा सांगितला आणि आईने तो घट्ट धरला. "मिसिंग म्हणजे हरवलेलो. हरवलेलो गावता." हरवलेला सापडतो, एवढंच तिचं म्हणणं.

त्याला आता वीस वर्षं उलटून गेली. भाई गेले. त्यांनी शेवटपर्यंत आईला विनवलं की भटजींना बोलावू, त्याचं काय ते करू, पोराला वाट मोकळी करून देऊ. आईने ऐकलं नाही. दर चतुर्थीला ती त्याची गादी उन्हात टाकते, नवा अभ्रा घालते आणि गणपती पोचवून आल्यावर गादी पुन्हा गुंडाळून ठेवते. आमच्या घरात प्रीतमबद्दल 'गेलो', म्हणजे गेला, हा शब्द काढायचा नाही. शेवंती काकीच्या तोंडून एकदा तो निसटला, तर आईने तिच्या हातातला चहाचा कप काढून घेतला. अर्धा प्यायलेला. मीही मनातल्या मनात कितीदा चिडले असेन आईवर, हे संपव आता एकदाचं म्हणून. पण तोंडावर कधी बोलले नाही. तिची जगण्याची काठी तीच होती आणि ती काढून घेण्याची माझी छाती नव्हती.

माळ्यावरून खोका काढला. यंत्र चालेल अशी मला अजिबात आशा नव्हती. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने पंख्याची पाती गळून पडतात, तिथे या प्लास्टिकची काय कथा. पण वायर जोडली आणि पडद्यावर ते चिनी-जपानी नाव उमटलं, आणि ते टिणटिण संगीत सुरू झालं. सवयीने मी दोघांचा खेळ निवडला. लाल रिमोट माझ्या हातात. दुसरा जमिनीवर, वायरीचं वेटोळं पोटाशी घेऊन पडलेला.

निळा उभा होता. उभ्या उभ्या श्वास घेत होता, खांदे वर, खांदे खाली. गेममध्ये ते तसं असतंच, पण इतक्या वर्षांनी त्याला श्वास घेताना बघून मी बटण दाबायचंच विसरले. मी एकटी लढू लागले आणि लगेच तीन गुंडांच्या कचाट्यात सापडले. निळा चालत आला आणि माझ्या अन् गुंडांच्या मधे उभा राहिला.

मी जमिनीवरच्या रिमोटकडे बघितलं. त्याला कुणी हात लावला नव्हता.

बटणांत मीठ बसलंय, मी स्वतःला सांगितलं. गंजाने आपोआप दाबली जात असतील. गणिताची बाई आहे मी, असल्या गोष्टींनी विरघळणारी नव्हे. पण मोबाईल काही सुरू केला नाही मी. ओमकारला पाठवण्यासारखं हे राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी आई जरा आडवी झाली होती, तेव्हा मी पुन्हा बसले. निळा सुरुवातीपासून माझ्यासोबत चालला. मी थांबले की थांबायचा. कोंबडी निघाली, त्याची ताकद भरलेली होती, गरज माझ्या लालला होती, तरी मेल्याने धावत जाऊन खाल्ली आणि वर दोनदा उड्या मारल्या. मला चिडवायला प्रीतम अगदी हेच करायचा. मी हसले. मग मला रडू आलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटलीच नाही, मला आनंद झाला होता. माझा भाऊ माझ्याजवळ बसलाय असं मला वाटत होतं आणि त्या आनंदात त्याचा अर्थ काय होतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शेजारची जागा मी रिकामी सोडली होती. उठताना तिथली सतरंजी मला दबलेली वाटली.

सोमवारी मला दम निघाला नाही. आई देवपूजा करत होती, घंटा वाजत होती, आणि मी सकाळीच गेम लावला. आवाज बंद ठेवला. आम्ही मासळीबाजारात पोचलो. तिथे सुरेवाले चालून येतात. निळ्याने माझ्या वाटचा मार खाल्ला. त्याच्या ताकदीची रेघ नखाएवढी उरली. मी धावत जाऊन पिंप फोडलं आणि कोंबडी बाहेर पडली, अगदी त्याच्या पायाशी.

"प्रीतम, खा रे!" मी ओरडले.

घंटा थांबली होती. आई दारात उभी होती, हातात तीर्थाचं तांब्याचं भांडं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती पडद्याकडे बघत होती.

निळा कोंबडीपर्यंत आला. थांबला. मग बाजूने वळसा घालून पलीकडे गेला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

आईने भांडं खाली ठेवलं. सावकाश येऊन ती माझ्या शेजारी बसली, त्या रिकाम्या जागेवर नाही, माझ्या दुसऱ्या बाजूला.

"तेना खाल्ल्यान नाय कित्याक?" तिने विचारलं.

मी रिमोट खाली ठेवला.

"आज सोमार," तीच म्हणाली.

"आये, ता काय नाय. रिमोटात मीठ बसलासा. खाऱ्या वाऱ्यान आपसून बटणां दाबतत."

"मिठाक वार कळता?"

पडद्यावर ती दोन अक्षरं लुकलुकत होती. निळा हलत नव्हता. खांदे वर, खांदे खाली. आई पुढे सरकली, अगदी टीव्हीजवळ, आणि त्याच्याकडे बघत राहिली. मोतीबिंदू काढल्यापासून तिला जवळचं नीट दिसत नाही, तरी ती बघत राहिली.

"कधीपासून आसा हो हय?"

"शनवारपासून. काल कोंबडी खाल्ल्यान."

"काल आयतवार," आई म्हणाली आणि हसली. मी तिला असं हसताना कितीतरी वर्षांनी बघत होते. मला वाटलं, झालं, हिलाही पटलं. आता आम्ही दोघी रोज दुपारी त्याच्याबरोबर बसू. गादी उन्हात घालायला नको, चतुर्थीची वाट बघायला नको.

मग तिने विचारलं, "गौरजा, जित्या माणसाक ह्यात शिरूक येता?"

तिने अगदी साधेपणाने विचारलं, एखाद्या नवीन यंत्राची चौकशी करावी तसं. मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की गेले दोन दिवस मी काय करत होते. हरवलेला माणूस कुठेही असू शकतो. एखाद्या परक्या बंदरात, एखाद्या तुरुंगात, दुसऱ्या एखाद्या बाईच्या घरात. आईने त्याला या सगळ्या ठिकाणी जिवंत ठेवलं होतं. जिवंत असेल तर तो फक्त एका ठिकाणी असू शकत नव्हता, आणि मी तिला नेमका तिथेच दाखवला होता.

"आये, मीठच ता," मी तिचा दंड धरून म्हटलं. "देवाशप्पत मीठ. ह्यो रिमोट मी आताच फोडून दाखवतंय तुका."

"म्हणजे हरवलो नाय तो," आई म्हणाली. "गेलो."

"असा बोलू नको!" मी किंचाळले. मनातल्या मनात वीस वर्षं जे ऐकायचं होतं ते ऐकलं आणि मला ते सोसवेना. "तूच म्हणतंस ना, गावतलो म्हणान? मगे?"

"गावलो ना," आई म्हणाली.

तिने पडद्याच्या काचेवरून एकदा हात फिरवला, वरून खाली, आम्ही लहानपणी तापाने पडलो की फिरवायची तसा. मग गुडघ्यावर हात टेकून उठली. मला वाटलं देवघरात जाईल. ती मागच्या दाराने न्हाणीकडे गेली. मी हाका मारत होते, तिने ओ दिली नाही.

पाण्याचा आवाज आला. एक तांब्या, मग दुसरा, डोक्यावरून ओतल्याचा. सकाळी पूजेआधी तिची आंघोळ झाली होती. मी मागच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच थबकले. न्हाणीचं दार तिने उघडंच ठेवलं होतं. आई दगडावर बसली होती, नेसत्या लुगड्यानिशी, आणि केसांतून पाणी निथळत होतं. मयताची बातमी कानावर आली की आमच्याकडे अशीच आंघोळ करतात, अंगावरच्या कपड्यांसकट.

ती रडत नव्हती. तिने चुलाणावरचं गरम पाणी दुसऱ्या बादलीत काढलं, त्यात गार ओतलं, हात घालून बघितलं.

"ये," ती म्हणाली. "तुझोव भाव होतो तो. तुका पाणी काढून ठेवलंय."